सणाचे घर आणि आमचे वाङ्मय : तिरुप्पनंदाळच्या निमित्ताने

मराठी मुलखाबाहेर राहणाऱ्या घरांत दिवाळी दोनदा येते. एकदा तिथीने आणि एकदा टपालाने. दिवाळी अंकांचे पुडके कधी नरकचतुर्दशीच्या आधी हाती पडते, कधी तुळशीचे लग्न लागून गेल्यावर. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला आणि सणाची व वाङ्मयाची गाठ घातली, ती अद्याप सुटलेली नाही. बंगालीत पूजा-अंक आहेत, तमिळात 'दीपावळि मलर' आहेत. पण फराळाच्या ताटाशेजारी अंक नसेल तर दिवाळी अपुरी वाटावी, ही खोड मराठी माणसाचीच. या खोडीचा आम्हांला अभिमान आहे. तरीही दरवर्षी अंक चाळून झाले की एक प्रश्न मनात राहतो. सणाच्या दिवसांत घरात सर्वांत अधिक रमणारे जे लहान मूल, ते या पानांत कोठे आहे? फुलबाजी हाती धरून ते जाहिरातीत उभे असते. आठवणींच्या लेखांतही ते असते. पण तेथे ते लेखकाच्या स्वतःच्या बालपणातले असते. आज घरात असलेले, आत्ता नव्या परकराचा काठ चघळत बसलेले मूल मात्र क्वचितच भेटते. हा प्रश्न जुनाच. पण तिरुप्पनंदाळच्या एका फेरीत त्याला जे वळण मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

कुंभकोणमात एका स्नेह्यांच्या घरी आम्ही दिवाळीस उतरलो होतो. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात या मुलखात येऊन स्थिरावलेल्या शेकडो मराठी कुटुंबांपैकी हे एक. घरात आजी, तिचा मुलगा व सून, सात वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात. पहाटे तेल-उटण्याचे स्नान झाले. कोपऱ्याला हळदीचे बोट लावलेले नवे कपडे देवापुढून उचलून मुलांना मिळाले. फराळाआधी जिभेवर दीपावळीच्या लेहाची, म्हणजे सुंठ-मिरी-गुळाच्या औषधी चाटणाची, गोळी आली आणि मुलांची तोंडे वाकडी झाली. शेजारी येऊन "गंगास्नान झाले का?" असे तमिळात विचारून गेले. तमिळ रीतीत दिवाळीचा सारा भर या एका पहाटेवर. घरात मात्र आजीच्या हट्टाने लक्ष्मीपूजन आणि भाऊबीजही होती. बाहेर पाऊस होता. येथे दिवाळी म्हणजे ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. दोन सरींच्या मधला वेळ साधून दुसऱ्या दिवशी सारे कुटुंब तिरुप्पनंदाळला निघाले, आणि आम्हीही त्यांच्याबरोबर निघालो.

गाव कुंभकोणमपासून अठरा-वीस किलोमीटरांवर, ईशान्येस आहे. वाटेवर भाताची हिरवी खाचरे आणि मधूनमधून ताडाची झाडे. ताड हाच येथील देवाचा स्थलवृक्ष, आणि गावाच्या नावातही तोच आहे. देव अरुणजटेश्वर, देवळाचे जुने नाव ताटकैच्या नावावरून पडलेले. ही ताटकै रामायणातली ताटका नव्हे. ती एका असुराची कन्या. नित्य शंकराला हार घालण्याचे तिचे व्रत. एके दिवशी दोन्ही हातांत हार असताना वस्त्र सुटू लागले. कोपराने ते दाबून धरावे, तर हात पिंडीपर्यंत उंच होईना. हार खाली ठेवावा, तर व्रत मोडते. तेव्हा शंकरानेच मस्तक झुकवले आणि हार घालून घेतला. पिंडी तशीच कललेली राहिली. पुढे राजाने हत्ती लावून ती सरळ करू पाहिली. ती हलली नाही. अखेर देवापुढे नित्य धूप जाळणाऱ्या कुंगिलिय कलय नायनार या भक्ताने दोरीचे एक टोक पिंडीस व दुसरे आपल्या गळ्यात बांधून ओढले, आणि देव सरळ झाला. बाराव्या शतकातील 'पेरियपुराणा'त या भक्ताची कथा आली आहे.

आजीने ही गोष्ट नातवंडांना मराठीत सांगितली. तिच्या मराठीत तमिळ शब्द पेरलेले असतात. पण 'झुकला' हा शब्द तिने अशा काही ठसक्यात उच्चारला, की धाकटीने आपली मान खांद्याला टेकवून पाहिली. गोष्ट संपल्यावर तिने विचारले, "आता देव सरळ झाला, मग त्या बाईने हार कसा घालायचा?" मोठी माणसे हसली. आम्हांला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेता आला नाही. कारण त्याच गावात आम्ही ज्या दुसऱ्या कारणासाठी आलो होतो, त्या कारणाशी तो जाऊन भिडत होता.

ते कारण म्हणजे येथील काशीमठ. सतराव्या शतकातील तमिळ कवी कुमरगुरुपरर यांच्या परंपरेचा हा मठ. कवी मूळचे दक्षिणेतील श्रीवैकुंठम्‌चे. त्यांनी काशीस जाऊन केदारघाटावर मठ स्थापला, आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने १७२०च्या सुमारास तिरुप्पनंदाळला आपले ठाणे केले. तंजावरच्या गादीवर त्या वेळी पहिले शरफोजी भोसले होते. म्हणजे ज्या मुलखात दरबारी मराठी बोलली जात होती, त्याच मुलखात या कवीच्या तमिळ वारशाला घर मिळाले. या कवीचे 'मीनाक्षी अम्मै पिळ्ळैत्तमिळ' हे काव्य तमिळ रसिकांच्या मुखी आहे. मदुरेस तिरुमलै नायकाच्या दरबारी ते प्रथम वाचले जात असता मीनाक्षी देवी लहान मुलीच्या रूपाने आली, राजाच्या मांडीवर बसून तिने ते ऐकले, आणि राजाच्या गळ्यातील मोत्यांचा हार काढून कवीच्या गळ्यात घातला, अशी आख्यायिका आहे. तिरुप्पनंदाळच्या कथेत भक्तिणीसाठी देव झुकतो. मदुरेच्या कथेत देवीच मूल होऊन मोठ्यांच्या मांडीवर बसते. दोन्ही कथांत उंचीचा हिशेब लहानाच्या बाजूने लागतो.

पिळ्ळैत्तमिळ हा काव्यप्रकार मराठी वाचकास फारसा परिचित नाही, म्हणून त्याची रचना थोडी सविस्तर सांगणे अवश्य आहे. देवाला, राजाला किंवा एखाद्या थोर पुरुषाला तान्हे मूल कल्पून, त्याच्या वाढीचे दहा टप्पे घ्यायचे आणि प्रत्येक टप्प्यावर साधारण दहा-दहा कवने रचायची, अशी ही रीत. पेरियाळ्वारांनी कृष्णाच्या बालपणाचे असे टप्पे पूर्वीच गाइले होते. बाराव्या शतकात ओट्टक्कूत्तर या कवीने कुलोत्तुंग चोळावर काव्य रचून या प्रकारास रूप दिले. परंपरेचा हिशेब असा, की मुलाच्या तिसऱ्या महिन्यापासून आरंभ करावा आणि दोन-दोन महिन्यांच्या अंतराने एकविसाव्या महिन्यापर्यंत यावे. प्रथम 'काप्पु', म्हणजे सर्व देवांना मुलाचे रक्षण करण्याची विनवणी. मग 'सेंगीरै' : तळवे जमिनीस टेकून, एक गुडघा उचलून मूल मान डोलावते तो टप्पा. मग 'ताल', अंगाई. मग 'सप्पाणी', टाळ्या वाजव म्हणून आर्जव. मग 'मुत्तम्', एक पापा दे. मग 'वरुगै', पाऊल टाकीत माझ्याकडे ये. मग 'अंबुली', चंद्राला खेळायला बोलावणे. येथवर मुलगा व मुलगी यांचे टप्पे सारखे. पुढे मुलीसाठी गोटे उडवून झेलण्याचा 'अम्मानै', जलक्रीडा आणि झोपाळा. मुलासाठी वाळूची घरकुले, छोटा ढोल आणि छोटा रथ.

या यादीकडे टीकाकाराच्या दृष्टीने पाहावे. तिच्यात कर्तृत्व नाही, पराक्रम नाही, उपदेश नाही. आहे ते केवळ मुलाच्या अंगाचे वाढणे : मान, हात, ओठ, पाय. ज्या घरात तान्हे मूल असते तेथे काळ याच मापाने मोजला जातो. गेल्या दिवाळीला ही रांगत होती, या दिवाळीला दिवा हाती धरते. काव्यशास्त्राने हे घरगुती माप उचलून त्याचा साचा केला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्यातही 'अंबुली'चा भाग कवीच्या कसोटीचा मानतात. चंद्राला मुलाशी खेळावयास आणायचे, ते साम, दान, भेद आणि दंड या चारही उपायांनी. तूही शीतल आणि हेही शीतल, म्हणून ये, हा साम. आलास तर तुझा क्षय टळेल, हे दान. तुझ्यापेक्षा हे मूल किती मोठे आहे पाहा, हा भेद. नाही आलास तर रागावेल बरे, हा दंड. राजनीतीची सारी सामग्री एका तान्ह्या मुलाच्या हट्टासाठी खर्ची घातली आहे! मराठी आईही चांदोबाची विचारपूस करते. पण ती त्याला लिंबोणीच्या झाडामागे गाठून दोन शब्द बोलते. तमिळ आई त्याच्याशी तह करते.

वाळूच्या घरकुलांचा भागही असाच. मुली वाळूची घरे बांधतात आणि खोडकर बाळाला विनवतात, की आमचे घरकुल पायाने मोडू नकोस. पुण्या-साताऱ्याकडील दिवाळीचा मातीचा किल्ला ज्याने बांधला आहे, आणि शेजारच्या पोराने त्याचा बुरूज लाथेने उडवलेला ज्याने पाहिला आहे, त्याला या कवनांचे मर्म सांगावे लागणार नाही.

गुण सांगितले, आता दोषही सांगितले पाहिजेत. पिळ्ळैत्तमिळातील मूल हे कधीच नुसते मूल नसते. ते देव असते किंवा राजा. त्याला पडसे होत नाही, ते अंथरूण ओले करीत नाही, खाऊवरून बहिणीला ओरबाडीत नाही. पुढील पुष्कळ कवींच्या हाती हा साचा नुसता साचाच राहिला. दहा टप्पे भरले, की काव्य झाले असे त्यांना वाटले. भाषा अशी पंडिती, की ज्याच्यासाठी अंगाई आहे त्याला सोडाच, ती गाणाऱ्या आईलाही टीका हाती घ्यावी लागावी. वयाचा हिशेबही शेवटी बिघडतो. एकवीस महिन्यांचे मूल नदीत जलक्रीडा कशी करील? आणि या काव्यात घर असे दिसत नाही. मूल आहे, माता आहे, चंद्र आहे. वडील कामावरून परत आले आहेत, आजी सुपारी कातरीत बसली आहे, थोरला भाऊ मत्सराने पाहत आहे, असे काही नाही.

आता आपल्याकडे वळू. मराठीतही या जातीचा एक प्रकार आहे, तो म्हणजे पाळणा. राम, कृष्ण, शिवाजी यांचे पाळणे घरोघर बारशाला म्हणतात. तोही काळ मोजतो; पण तो दिवसांचा. पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत येऊन, नाव ठेवून तो थांबतो. दोन्ही प्रकार शेजारी ठेवले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. आमचा पाळणा बाराव्या दिवशी संपतो. त्यांचे पिळ्ळैत्तमिळ तिसऱ्या महिन्यात सुरू होते. पाळण्यातून उतरलेले मराठी काव्यातील मूल त्यानंतर आम्हांला भेटते ते थेट गोकुळात, लोणी चोरताना किंवा गाई राखताना. नामदेवांनी, तुकारामांनी बाळक्रीडेचे अभंग रचले, त्यांतला कृष्ण चेंडू खेळण्याइतका मोठा झालेला आहे. मधली दोन-तीन वर्षे, मूल बसते, सरकते, उभे राहते, पडते ती वर्षे, संतकवींच्या हातून बव्हंशी निसटली. ती कोणी सांभाळली असतील तर जात्यावरच्या ओव्यांनी. सानेगुरुजींनी 'स्त्रीजीवना'त अशा ओव्या जमविल्या, हे त्यांचे मोठे ऋण आहे. ज्या बायांना लिहिता येत नव्हते, त्यांच्या काव्यात मूल अधिक आहे.

आधुनिक गद्याची गोष्ट याहून वेगळी आहे. येथे आम्ही पिळ्ळैत्तमिळाच्या पुढे आहोत, हे निःसंकोच म्हणावे. सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामच्या आई'त दिवाळी येते ती दारिद्र्याच्या घरात. आई आपल्या भाऊबीजेच्या पैशांतून वडिलांसाठी धोतर आणविते. सण म्हणजे घरातील प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहणे, हे इतक्या साधेपणाने सांगणारे लेखन विरळा. पण त्यातही मूल हे आठवणारे मूल आहे. श्याम मोठा झाला आहे, आई गेली आहे, आणि आनंदाच्या प्रत्येक प्रसंगावर त्या वियोगाची सावली आहे. पुढील पिढ्यांनी गुरुजींची सावली घेतली आणि प्रकाश सोडला. दिवाळीवरील आमचे लेखन 'पूर्वीची दिवाळी राहिली नाही' या एका वाक्याचा विस्तार होऊन बसले. ज्या घरात आज चार वर्षांचे मूल आहे त्या घरात, निदान त्या मुलापुरती, ही पूर्वीचीच दिवाळी आहे. पहिलीच म्हणा ना.

या दुखण्यावर उतारा विनोदात सापडतो. चिं. वि. जोशींचा चिमणराव, त्याची कावेरी, मोरू, मैना आणि राघू यांचे बिऱ्हाड घराबाहेर पडले, की घर नावाची वस्तू वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते : सामान, रडारड, फजिती आणि त्यातून उरणारा लोभ. जोशींना मुलांविषयी गहिवर येत नाही. त्यांना मुले दिसतात. विंदा करंदीकरांच्या 'राणीच्या बागे'ने (१९६१) तर मुलाच्या तर्कटालाच काव्याचा मान दिला. हे दोघे आपली उंची विसरून वाकले. वाकणे म्हणजे बोबडे बोलणे नव्हे. मुलाचा हात जेथवर पोचतो तेथवर आपले मस्तक नेणे. आमच्या मते बालवाङ्मयाची आणि कुटुंबचित्रणाची हीच एक कसोटी आहे.

ही कसोटी घेऊन पुन्हा कुंभकोणमच्या त्या घरात यावे. तेथील दिवाळी आमच्या एकाही पुस्तकात नाही. मराठी लेखनातली दिवाळी थंडीची असते. त्या घरातली पावसाची. अंगणात मातीचा किल्ला केला, तर एका सरीत तो वाहून जाईल. मुलांचा किल्ला तेथे नवरात्रातच, आणि घरात होतो. कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. लाल चंदनी लाकडाचे जोडपे, तागड्या घेऊन बसलेला वाणी, मान डोलावणारी तंजावरी बाहुली. सर्वांत खाली मुलांच्या स्वाधीन असलेली जागा. तेथे वाळू पसरून मोहरी पेरायची, आणि चार दिवसांनी उगवलेल्या हिरवळीला बाग म्हणायचे. पुण्याकडील पोरे किल्ल्यावर अळीव पेरतात तो हाच खेळ. शेकडो कोसांच्या अंतरावर दोन मुले एकच गोष्ट करीत आहेत, आणि त्यांना जोडणारी भाषा एक असून त्या भाषेत ही ओळख कोणी लिहिलेली नाही.

हे अधिक खटकते, कारण याच तंजावरने मराठी मुलांसाठी फार पूर्वी छापखाना चालवला होता. दुसऱ्या शरफोजी राजांनी देवनागरी खिळे पाडवून घेतले आणि १८०६ साली इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने छापविले. पुण्यात तेव्हा पेशवाई होती आणि तेथे मराठी पुस्तक छापण्याचा विचारही रुजलेला नव्हता. 'बालबोधमेवा' मुंबईत निघाला तो १८७३त, वा. गो. आपट्यांचा 'आनंद' १९०६त. म्हणजे मराठी मुलाच्या हाती छापील गोष्ट देण्याचा मान ज्या मुलखाकडे जातो, त्याच मुलखातील मराठी मुलाला आज स्वतःच्या सणाची एकही मराठी गोष्ट मिळत नाही. १८५५ साली राज्य गेले, दरबार गेला; पण भाषा दरबारात राहत नव्हती. ती अभ्यंगाच्या चौरंगावर, पुरणाच्या पातेल्यापाशी, आजीच्या मांडीवर राहिली. तेथून ती उठली, तर तिला परत बसवण्याची दुसरी जागा नाही.

त्या घरातला सात वर्षांचा नातू तमिळ वाचतो, इंग्रजी वाचतो; मराठी तो फक्त ऐकतो. टपालाने आलेला अंक त्याने आमच्या हातून घेतला, चित्रे पाहिली आणि परत दिला. तो अंक त्याच्यासाठी नव्हता, हे त्याला न वाचताच कळले. यात त्याच्या आईबापांचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. मुलाने भाषा जपावी असे आपण म्हणतो. भाषेने मुलाला काय दिले, हे विचारत नाही. निबंधस्पर्धा, वक्तृत्वाच्या ढाली आणि गौरवगीते यांनी बाहेरच्या मराठी मंडळांची कपाटे भरली आहेत. त्या मुलाला हवे आहे ते याहून पुष्कळ लहान आहे : पावसात भिजलेल्या फटाक्यांची गोष्ट, लेह्याने वाकड्या झालेल्या तोंडाचे गाणे, कोलूच्या पायथ्याच्या बागेत हरवलेल्या मातीच्या सशाचा शोध. चंद्राला बोलावण्यासाठी चारही उपाय योजणारा काव्यप्रकार ज्या मातीत आहे, तेथे राहून एका मराठी मुलाला बोलावण्याचा एकही उपाय आम्हांला सुचू नये, ही टीका आम्ही प्रथम स्वतःवरच करीत आहोत.

धाकटीच्या प्रश्नाला देवळात कोणीच उत्तर दिले नव्हते. परतीच्या वाटेवर पाऊस पुन्हा सुरू झाला. गाडीच्या काचा चढवल्या गेल्या आणि ती आजीच्या मांडीवर आडवी झाली. तेव्हा आजी तिला हलकेच म्हणाली, "पुजारी घालतात गं आता हार." मुलीचे समाधान झाले नाही. "पण तिने स्वतः घालायचा होता," असे ती मराठीत म्हणाली, आणि झोपली.